पांढऱ्या कोटातला कलावंत : कॅब कॅलोवे

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही कव्वाली नक्कीच ऐकली असेल. मुख्य कव्वाल एक ओळ म्हणतो. त्याचे साथीदार टाळ्या वाजवत तीच ओळ उचलतात. कव्वाल पुन्हा म्हणतो, साथीदार पुन्हा उचलतात. हळूहळू रंग भरू लागतो आणि समोर बसलेली माणसेही माना डोलवू लागतात.

आता कल्पना करा. कव्वालाच्या मागे हार्मोनियम आणि ढोलक नाही. तेथे पंधरा-सोळा वादकांचा मोठा बँड आहे. त्यात ट्रम्पेट आहे, ट्रॉम्बोन आहे, सॅक्सोफोन आहे, पियानो आहे, ड्रम आहेत. गाणारा माणूस एका जागी बसलेलाही नाही. त्याने मागे लांब शेपटे असलेला पांढराशुभ्र कोट घातला आहे. हातात एक लांब छडी आहे. तिने तो बँडला इशारे करतो. मधेच तो धावतो, मधेच गिरकी घेतो, मधेच पाय न उचलता मागे मागे घसरत जातो. त्याचे लांब केस चेहऱ्यावर येतात, तो मानेला झटका देऊन ते मागे टाकतो. मग तो श्रोत्यांकडे वळून काही विचित्र शब्द गातो. त्या शब्दांना काहीच अर्थ नाही. तरी हजार माणसे एका आवाजात ते शब्द परत म्हणतात.

हा माणूस म्हणजे अमेरिकेचे प्रसिद्ध गायक, नर्तक आणि बँडप्रमुख कॅब कॅलोवे. तुम्ही त्यांचे नाव पूर्वी ऐकले नसेल. तुमच्या पणजोबांच्या तरुणपणी मात्र अमेरिकेत हे नाव घरोघरी माहीत होते.

कॅबचा जन्म 25 डिसेंबर 1907 रोजी न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर या शहरात झाला. त्याचे पूर्ण नाव कॅबेल कॅलोवे. वडिलांचे आणि आजोबांचे नावही हेच होते, म्हणून त्याला तिसरा कॅबेल म्हणत. वडील वकील होते. आई शिक्षिका होती आणि रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत असे. हे कृष्णवर्णीय कुटुंब होते. अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने बंद होऊन त्या वेळी जेमतेम चाळीस वर्षे झाली होती. अशा काळात शिकून वकील आणि शिक्षिका होणे ही लहान गोष्ट नव्हती. आपल्या मुलांनीही शिकावे, प्रतिष्ठेचा व्यवसाय करावा, अशी आईवडिलांची इच्छा होती.

कॅब दहा-अकरा वर्षांचा असताना हे कुटुंब बाल्टिमोर या शहरात राहायला आले. वडील लवकर वारले. आईने पुढे दुसरे लग्न केले. घरी खायची भ्रांत नव्हती, पण कॅबचे पाय घरात ठरत नसत. तो शाळा बुडवायचा. वर्तमानपत्रे विकायचा, लोकांच्या बुटांना पॉलिश करायचा. घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर जाऊन शर्यतीनंतर घामेजलेले घोडे फिरवून आणायचा. त्याबद्दल त्याला पैसे मिळत. हातात पैसा खेळू लागला की शाळेची गोडी कमी होते. कॅबचेही तसेच झाले. घोड्यांचा हा नाद पुढे आयुष्यभर त्याच्या मागे राहिला आणि त्याने त्याचे बरेच नुकसान केले. त्याविषयी पुढे सांगणारच आहे.

शेवटी आईने त्याला पेनसिल्व्हेनिया राज्यातील एका सुधारशाळेत पाठवले. ही शाळा आईचेच काका चालवत होते. तेथून परत आल्यावर कॅबने नियमित शाळा सुरू केली. त्याच वेळी त्याचे गाण्याचे शिक्षणही सुरू झाले. आवाज कसा लावावा, श्वास कोठे घ्यावा, शब्द स्पष्ट कसा उच्चारावा, हे तो शास्त्रशुद्ध रीतीने शिकला. पुढे त्याची गाणी ऐकणाऱ्यांना वाटे, की हा माणूस नुसता धांगडधिंगा करतो. पण त्या धांगडधिंग्यात एकही स्वर घसरत नसे. त्याचे कारण हे लहानपणचे शिक्षण आहे. तो बास्केटबॉलही उत्तम खेळत असे. धावताना, उडी मारताना शरीराचा तोल कसा सांभाळायचा, हे त्याला मैदानाने शिकवले असावे, असे मला वाटते.

आता त्याच्या मोठ्या बहिणीविषयी सांगायला हवे. तिचे नाव ब्लँच. ती कॅबहून पाच वर्षांनी मोठी. ती रंगमंचावर गात असे, नाचत असे आणि लोकांना हसवतही असे. कॅबच्या डोळ्यांसमोर पहिला आदर्श होता तो हा. 1927 साली ब्लँच एका नाटक मंडळीबरोबर गावोगाव फिरत होती. कॅबने हट्ट धरला आणि तोही तिच्याबरोबर निघाला. दौरा शिकागो शहरात संपला. आईची इच्छा होती, की मुलाने वडिलांप्रमाणे वकील व्हावे. कॅबने शिकागोत कॉलेजात नावही घातले. दिवसा कॉलेज आणि रात्री गाण्याच्या बैठका, असा क्रम सुरू झाला. तुम्ही ओळखले असेलच, यात कॉलेज मागे पडले.

शिकागोमध्ये सनसेट कॅफे नावाचे एक ठिकाण होते. तेथे लुई आर्मस्ट्राँग हे थोर ट्रम्पेटवादक वाजवत आणि गात. त्यांच्याकडून कॅब एक नवी गोष्ट शिकला. तिला स्कॅट म्हणतात. स्कॅट म्हणजे अर्थ नसलेल्या अक्षरांनी गाणे. गायकाचा गळा येथे जणू एखादे वाद्य बनतो. तुम्हाला हे नवे वाटेल, पण आपल्याकडे तराणा असतोच की! तराण्यातही शब्दांना अर्थ नसतो. सूर आणि लय यांचाच खेळ असतो. परंपरेने तराण्याचे नाव अमीर खुसरो यांच्याशी जोडले जाते. स्कॅट आणि तराणा यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण जगाच्या दोन टोकांना माणसांना एकच गोष्ट सुचली, याची गंमत वाटते.

ज्या संगीतात हे स्कॅट आले, त्याला जॅझ म्हणतात. अमेरिकेच्या दक्षिणेकडील न्यू ऑर्लिन्स शहरात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते वाढले. गुलाम म्हणून आफ्रिकेतून आणलेल्या लोकांच्या वंशजांनी ते घडवले. त्यांच्याकडे कामाची गाणी होती, प्रार्थनेची गाणी होती, दुःखाची गाणी होती. त्यात त्यांनी युरोपची वाद्ये मिसळली. जॅझमध्ये चाल ठरलेली असते, पण वादक तिच्यात आयत्या वेळी भर घालतो. त्यामुळे एकच गाणे दोन रात्री सारखे वाजत नाही.

यानंतर मात्र कॅब मोठा झाला, कमावू लागला, तेव्हा आपणही त्यांना मानाने संबोधू या.

कॅलोवे यांनी शिकागोत एका लहान बँडचे नेतृत्व हाती घेतले. 1929 साली हा बँड न्यूयॉर्कला आला. तेथील सॅव्हॉय या प्रचंड नृत्यगृहात दोन बँडची लढत होत असे. आपल्याकडे कव्वालीचा मुकाबला होतो, तशीच ही लढत. एक बँड वाजवून थांबला, की दुसरा सुरू होई आणि टाळ्यांवरून विजेता ठरे. कॅलोवे यांचा बँड हरला. ज्यांनी त्यांना हरवले, त्या बँडचे नाव मिसूरियन्स. पण गंमत पाहा. हरवणाऱ्या वादकांच्या मनात हरलेला नायक भरला. काही महिन्यांनी त्यांनी कॅलोवे यांनाच आपला प्रमुख होण्याचे आमंत्रण दिले. दरम्यान, आर्मस्ट्राँग यांच्या शब्दामुळे कॅलोवे यांना न्यूयॉर्कच्या एका संगीत नाटकात कामही मिळाले होते. आता त्यांनी मिसूरियन्सची सूत्रे हाती घेतली. थोड्याच दिवसांत बँडचे नावही बदलून कॅलोवे यांचे झाले.

न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात कॉटन क्लब नावाचा एक क्लब होता. हार्लेम म्हणजे कृष्णवर्णीयांची वस्ती. क्लबमध्ये गाणारे कृष्णवर्णीय, वाजवणारे कृष्णवर्णीय, नाचणारे कृष्णवर्णीय, ताटे-पेले मांडणारे वाढपीही कृष्णवर्णीय. मग श्रोते कोण? श्रोते फक्त गोरे! कृष्णवर्णीय माणसाला पैसे मोजूनही तेथे श्रोता म्हणून बसता येत नसे. क्लबची सजावट जुन्या दक्षिणेतील कापसाच्या मळ्यासारखी केलेली होती. त्याच मळ्यांत या कलावंतांचे आजे-पणजे गुलाम म्हणून राबले होते. आता त्यांच्या नातवंडांनी त्या देखाव्यासमोर उभे राहून पाहुण्यांची करमणूक करायची होती. क्लबचा मालक एक नामांकित गुंड होता. त्या काळी अमेरिकेत दारूबंदी होती आणि तेथे चोरून दारू विकली जाई.

मित्रांनो, तुम्ही विचाराल, की अशा जागी कॅलोवे गेलेच का? प्रश्न योग्य आहे. पण त्या वेळी कृष्णवर्णीय कलावंताला एवढा पगार, एवढी प्रसिद्धी दुसरीकडे कोठे मिळणार होती? शिवाय कॉटन क्लबमधून रेडिओवर थेट कार्यक्रम प्रसारित होत. श्रोत्यांच्या खुर्च्यांवर बंदी घालता येते, रेडिओच्या लहरींवर नाही. क्लबच्या दारातून ज्यांना आत घेतले जात नव्हते, त्यांच्या घरात कॅलोवे यांचा आवाज रेडिओवरून जाऊ लागला.

क्लबचा मुख्य बँड ड्यूक एलिंग्टन यांचा होता. 1930 साली एलिंग्टन चित्रपटाच्या कामासाठी बाहेर गेले, तेव्हा त्यांच्या जागी कॅलोवे यांचा बँड आला. त्यांनी पहिल्याच हंगामात लोकांना असे जिंकले, की पुढे क्लबने दोन्ही बँड आळीपाळीने ठेवले. एलिंग्टन शांत, रुबाबदार, नवनव्या रचना करणारे. कॅलोवे म्हणजे नुसती वीज! त्या वेळी त्यांचे वय होते अवघे तेवीस वर्षांचे.

3 मार्च 1931 रोजी त्यांनी एक गाणे ध्वनिमुद्रित केले. त्याचे नाव 'मिनी द मूचर'. मिनी नावाची एक मुलगी वाईट संगतीत सापडते आणि राजवैभवाची स्वप्ने पाहते, अशी त्याची कथा आहे. कथा दुःखाची, चालही काहीशी उदास. पण या गाण्याला मजा आणली ती वेगळ्याच गोष्टीने. कॅलोवे यांनी पुढे अनेकदा सांगितलेली ही हकिकत आहे. एका रात्री रेडिओवर थेट कार्यक्रम चालू होता. देशभर लोक ऐकत होते. गाता गाता कॅलोवे शब्दच विसरले! अशा वेळी तुम्ही काय केले असते? वर्गात कविता म्हणताना ओळ विसरली, तर आपण गप्प उभे राहतो. कॅलोवे थांबले नाहीत. त्यांनी स्कॅटची अक्षरे गायला सुरुवात केली. हाय-डी-हो आणि असेच काहीबाही ते गाऊ लागले. बँडच्या वादकांनी तीच अक्षरे परत म्हटली. कॅलोवे यांनी आणखी अवघड अक्षरे टाकली. आता श्रोतेही ओरडून उत्तर देऊ लागले. गायक विचारतो आणि सभा उत्तर देते, असा खेळ सुरू झाला. त्या रात्रीपासून हा खेळ गाण्याचा भागच झाला. लोक कॅलोवे यांना 'हाय-डी-हो मॅन' म्हणू लागले.

या गाण्याच्या तबकड्या दहा लाखांहून अधिक खपल्या, असे सांगतात. हा काळ महामंदीचा होता, हे लक्षात घ्या. अमेरिकेत लाखो लोकांचे रोजगार गेले होते. बँका बुडत होत्या. अशा वेळी लोकांनी पैसे देऊन तबकडी विकत घ्यावी, ही सोपी गोष्ट नव्हती.

कॅलोवे यांचे नाचणे कसे होते, हे शब्दांत सांगणे कठीण आहे. पण ते जपून ठेवण्याची एक मजेदार युक्ती त्या काळी कोणीतरी केली. मॅक्स फ्लायशर नावाचे एक व्यंगचित्रपट तयार करणारे गृहस्थ होते. त्यांनी एक पद्धत शोधली होती. आधी खऱ्या माणसाच्या हालचालींचे चित्रीकरण करायचे. मग एकेक चित्र काचेवर पाडून त्यावरून रेषा ओढायच्या. हजारो चित्रे अशी काढली, की चित्रातील प्राणी हुबेहूब त्या माणसासारखा हलतो. 1932 साली फ्लायशर यांच्या बेटी बूप या चित्रमालिकेत 'मिनी द मूचर' गाणे घेतले गेले. सुरुवातीला खुद्द कॅलोवे आपल्या बँडसमोर डुलताना दिसतात. मग गुहेतून एक भूत येते. ते असते वॉलरस या समुद्री प्राण्याचे. ते भूत जे नाचते, तो नाच कॅलोवे यांचा आहे! पाय जमिनीला चिकटलेले, तरी शरीर पाण्यावरून वाहत गेल्यासारखे मागे सरकते. 1933 सालच्या दोन चित्रांतही हीच युक्ती वापरली. पन्नास वर्षांनी मायकल जॅक्सन यांनी मागे सरकण्याचा असाच नाच केला आणि सारे जग वेडे झाले. ते पाहून म्हाताऱ्या कॅलोवे यांना आपले तरुणपण आठवले असेल. आमच्या वेळी याला वेगळे नाव होते, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

बँडप्रमुख म्हणून कॅलोवे कडक होते. वेळेवर यायचे, कपडे नीटनेटके हवेत, बूट चकचकीत हवेत, सुरात चूक चालणार नाही. पण ते पगार चांगला देत. त्यामुळे उत्तम वादक त्यांच्याकडे येत. चू बेरी आणि बेन वेबस्टर हे सॅक्सोफोनवादक, मिल्ट हिंटन हे बासवादक, डिझी गिलेस्पी हे ट्रम्पेटवादक ही नावे जॅझ जाणणारे लोक अजून आदराने घेतात. ते सारे कॅलोवे यांच्या बँडमध्ये होते. लोक बहुतेक वेळा कॅलोवे यांच्या नाचाविषयी बोलतात आणि त्यांचा बँड किती तयारीचा होता, हे विसरतात. माझ्या मते हा अन्याय आहे.

या बँडला सतत प्रवास करावा लागे. दक्षिणेकडील राज्यांत वर्णभेदाचे कायदे होते. पाणी पिण्याचे नळ वेगळे, स्टेशनांचे दरवाजे वेगळे, आगगाडीचे डबे वेगळे. रात्री कार्यक्रमाला टाळ्या वाजवणारे गावच कलावंतांना हॉटेलात खोली देत नसे. यावर कॅलोवे यांनी उपाय काढला. ते आगगाडीचा एक संपूर्ण शयनयान डबाच भाड्याने घेत. सामानाचा डबाही वेगळा असे. त्यात वाद्ये, पेट्या आणि कॅलोवे यांची मोटारही चढवलेली असे. गाव आले, की डबा रुळाच्या बाजूला लावला जाई. वादक तेथेच झोपत, तेथेच जेवत. कोणाच्या दारात जाऊन खोली मागायची नाही आणि नकार ऐकायचा नाही. मिल्ट हिंटन यांना छायाचित्रे काढण्याचा छंद होता. 1940 च्या सुमारास त्यांनी काढलेल्या एका छायाचित्रात बँडचे लोक झकपक कपड्यांत स्टेशनच्या एका दरवाजाजवळ उभे आहेत. दरवाजावर पाटी आहे. तो दरवाजा कृष्णवर्णीयांसाठीचा आहे.

ज्यांच्याजवळ असा डबा नव्हता, त्यांचे काय होई? कॅलोवे यांच्या बहिणीचेच उदाहरण घ्या. ब्लँच यांनी 1931 साली स्वतःचा बँड उभा केला होता. सगळे वादक पुरुष आणि प्रमुख एक स्त्री, असे त्या काळी कोणी पाहिले नव्हते. 1936 साली मिसिसिपी राज्यात प्रवास करताना त्यांनी एका पेट्रोल पंपावरील स्त्रियांचे स्वच्छतागृह वापरले. ते गोऱ्या स्त्रियांसाठी होते. एवढ्यासाठी त्यांना अटक झाली. त्या तुरुंगात असताना बँडमधील एकाने सारे पैसे घेऊन पोबारा केला. बँड मोडला. ब्लँच यांना आपली मोटार विकून परतावे लागले. ज्या बहिणीने भावाला रंगमंचावर उभे राहायला शिकवले, तिच्या वाट्याला हे आले. पण त्या खचून घरी बसल्या नाहीत. पुढे त्यांनी फ्लॉरिडात रेडिओ केंद्र चालवले, सौंदर्यप्रसाधनांचा धंदाही सुरू केला.

कॅलोवे यांची प्रसिद्धीही त्यांना नेहमी वाचवू शकली नाही. डिसेंबर 1945 मध्ये ते कॅन्सस सिटी येथे आपले मित्र लिओनेल हॅम्प्टन यांचा कार्यक्रम ऐकायला गेले. दारावर त्यांना अडवले, कारण आत फक्त गोऱ्यांना प्रवेश होता. बोलाचाली झाली. पहाऱ्यावरच्या पोलिसाने पिस्तुलाच्या दस्त्याने त्यांच्या डोक्यावर मारले. रक्तबंबाळ झालेल्या कॅलोवे यांच्यावरच खटला भरला गेला! पुढे तो रद्द झाला. आत हॅम्प्टन यांना ही बातमी कळली, तेव्हा त्यांनी कार्यक्रम तेथेच थांबवला.

चांगल्या माणसाच्या हातूनही चुका होतात. 1941 साली कार्यक्रम चालू असताना कोणीतरी रंगमंचावर कागदाचा ओला बोळा फेकला. वर्गात मुले फेकतात, तसाच. कॅलोवे यांनी डिझी गिलेस्पी यांच्यावर आळ घेतला. गिलेस्पी नाही म्हणत राहिले. शब्दाने शब्द वाढला, झटापट झाली आणि गिलेस्पी यांच्या चाकूने कॅलोवे यांना जखम झाली. गिलेस्पी यांना नोकरीवरून काढण्यात आले. बोळा खरोखर दुसऱ्याच वादकाने फेकला होता, हे फार पुढे उघड झाले. गिलेस्पी यांनी नंतर जॅझला नवे वळण दिले आणि ते जगप्रसिद्ध झाले. दोघांची नंतर पुन्हा मैत्री झाली, हे सांगायला बरे वाटते.

कॅलोवे यांना भाषेचीही आवड होती. हार्लेमचे वादक आपसांत एक वेगळीच बोली बोलत. बाहेरच्या माणसाला ती कळत नसे. कॅलोवे यांनी 1938 साली त्या शब्दांचा एक छोटा कोश छापला. त्याच्या पुढे अनेक आवृत्त्या निघाल्या. रस्त्यावरची बोलीही शब्दकोशात बसवण्याच्या योग्यतेची आहे, असे मानणारी माणसे तेव्हा थोडी होती.

त्यांनी चित्रपटांतही कामे केली. त्यांपैकी 1943 सालचा 'स्टॉर्मी वेदर' अवश्य पाहण्यासारखा आहे. त्यातील जवळजवळ सर्व कलावंत कृष्णवर्णीय आहेत. शेवटी कॅलोवे गातात आणि निकोलस बंधू हे दोघे नर्तक नाचतात. ते बँडच्या टेबलांवरून उड्या मारतात, मग जिन्याच्या पायऱ्यांवरून एकमेकांच्या डोक्यावरून उडी घेत खाली येतात. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय फाकवून बसतात आणि हात न टेकता उठतात. कृपया घरी करून पाहू नका!

याच काळात जॅझ आपल्या देशातही आले होते. 1935 साली लिऑन अ‍ॅबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. त्यांच्यानंतर टेडी वेदरफोर्ड हे पियानोवादक आले. गोव्याचे वादक हे संगीत त्यांच्याकडून शिकले. पुढे हेच गोव्याचे वादक हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात बसले. 1951 सालच्या 'अलबेला' चित्रपटातील सी. रामचंद्र यांची गाणी ऐका. त्यांतील ट्रम्पेट ऐकताना तुम्हाला या साऱ्या मंडळींची आठवण होईल.

दुसरे महायुद्ध संपले आणि काळ बदलला. पंधरा-सोळा वादकांना पोसणे परवडेनासे झाले. लोकांना लहान बँड आणि नवी गाणी आवडू लागली. 1948 पर्यंत कॅलोवे यांचा मोठा बँड संपला. सहा-सात वादक उरले. शर्यतीच्या नादात पैसाही गेला होता. ज्या माणसासाठी नृत्यगृहाबाहेर रांगा लागत, त्याला आता काम शोधावे लागले. चाळिशीत आलेल्या नर्तकाला ही परिस्थिती किती जड गेली असेल, याची कल्पना करा.

1952 साली 'पोर्गी अँड बेस' या संगीत नाटकात त्यांना स्पोर्टिंग लाइफ नावाच्या एका लबाड, रंगेल माणसाची भूमिका मिळाली. नाटक जॉर्ज गर्शविन यांचे. कॅलोवे यांना कॉटन क्लबमध्ये पाहूनच गर्शविन यांना हे पात्र सुचले होते, असे म्हणतात. म्हणजे आपल्यावरून बेतलेल्या पात्राचे काम त्यांना स्वतः करायला मिळाले. ते नाटकाबरोबर युरोपला गेले. लंडनच्या लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले. 1967 साली 'हॅलो, डॉली!' या नाटकात पर्ल बेली यांच्याबरोबर त्यांनी काम केले. 1976 साली आत्मचरित्र लिहिले.

1980 साली 'द ब्लूज ब्रदर्स' नावाचा चित्रपट आला. त्यात एक प्रसंग असा आहे. सभागृह भरले आहे. मुख्य गायक अजून पोहोचलेले नाहीत. लोक चिडले आहेत. तेवढ्यात एक म्हातारा माणूस बँडला इशारा करतो. क्षणात त्याच्या अंगावर पांढरा लांब कोट दिसतो आणि तो 'मिनी द मूचर' गाऊ लागतो. कॅलोवे त्या वेळी बहात्तर वर्षांचे होते. ज्या तरुण प्रेक्षकांचा जन्मही 1931 साली झालेला नव्हता, ते ती अक्षरे परत म्हणू लागले. यानंतर त्यांना पुन्हा बोलावणी येऊ लागली. 1990 साली ते जॅनेट जॅक्सन यांच्या एका गाण्याच्या चित्रफितीतही दिसले. 1993 साली राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या हस्ते त्यांना कलेचे राष्ट्रीय पदक मिळाले.

जून 1994 मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. त्यानंतर ते बरे झाले नाहीत. 18 नोव्हेंबर 1994 रोजी डेलावेअर राज्यात त्यांचे निधन झाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जपून ठेवण्यासाठी निवडलेल्या ध्वनिमुद्रणांच्या 2018 सालच्या यादीत 'मिनी द मूचर' आहे. बाल्टिमोरमधील त्यांचे लहानपणचे घर मात्र टिकले नाही. त्यांच्या नातवाने ते वाचवण्यासाठी खूप खटपट केली, पण 2020 साली ते पाडण्यात आले.

डेलावेअरमधील विल्मिंग्टन शहरात त्यांच्या नावाची एक शाळा आहे. सहावीपासून बारावीपर्यंतची मुले तेथे गणित, विज्ञान शिकतात आणि त्याबरोबर गाणे, वाद्य, नाटक आणि नाचही शिकतात. ज्या मुलाने एके काळी शाळा बुडवून घोडे फिरवले, त्याचे नाव त्या शाळेच्या दारावर लिहिलेले आहे.